पिस्टन की रोटरी? छोट्या विमानाच्या नाकात काय बसवावं

रिमोटवर उडणारं चाळीस साइजचं (म्हणजे साधारण ०.४० घनइंची इंजिन घेणारं) मॉडेल विमान बांधून झालं आहे, पंखांवर फिल्म चढली, सर्व्हो (शेपूट-पंखांचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) बसले आणि आता नाकात कोणतं इंजिन टाकायचं यावर घोडं अडलं आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. एकीकडे नेहमीचं एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन (ठिणगीऐवजी ग्लो प्लगच्या तापलेल्या तारेने पेट घेणारं), दुसरीकडे पाच सीसीच्या आसपासचं जपानी बनावटीचं रोटरी, म्हणजे वांकेल. पहिलं मी नऊ वर्षं वापरलं, दुसरं चार वर्षांपासून वापरतो आहे. बॅटरीवरची ब्रशलेस मोटर आज सगळ्यात सोपी पडते हे खरंच आहे, आणि ज्याला फक्त उडवायचं आहे त्याने तीच घ्यावी. ज्याला इंजिनच हवं आहे, त्याच्यापुढे मुख्यतः हे दोन रस्ते उरतात. फोर-स्ट्रोकबद्दल पुढे दोन शब्द लिहिले आहेत.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीपासून फार लांब नाही. मी तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. विमान उडवतो ते गावच्या आखरावरून, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवरून. तिन्ही बाजूंना वावरं. खरिपात सोयाबीन, पऱ्हाटी (कापूस), तूर, आणि सोयाबीन निघालं की हरभरा. म्हणजे उलंगवाडी होईपर्यंत, कापसाचा हंगाम संपेपर्यंत, विमान जिथे पडेल तिथे कुणाचं ना कुणाचं पीक उभं असतं. हे आधीच सांगतो, कारण माझा कौल बऱ्याच अंशी या जागेने ठरवला. तुमच्याकडे मोठं मोकळं मैदान असेल तर हिशेब वेगळा येऊ शकतो.

तुरीतलं विमान

डिसेंबरातली सकाळ होती. दव सुकत आलं होतं, वारा नव्हता. तूर माणसाच्या डोक्यावर गेलेली, शेंगा भरत आलेल्या. टू-स्ट्रोक नेहमीसारखं सुरू झालं, विमान छान चढलं. तिसऱ्या फेरीला, आखराच्या पार पलीकडे असताना, आवाज एकदम टिपेला गेला आणि बंद पडला. पंखा थांबला. वळवून आणायला उंची पुरेना. विमान सरळ घसरत तुरीत शिरलं आणि दिसेनासं झालं.

पुतण्या धुऱ्यावर उभा राहून हात करत होता, "काका, तिकडं, बाभळीच्या डावीकडं!" मी आत शिरलो. तुरीत शिरल्यावर डावं-उजवं काही उरत नाही. सगळी तासं सारखी, पानांनी अंग ओलं, आणि प्रत्येक पावलाला एखादी फांदी मोडल्याचा आवाज. ज्यांचं वावर होतं ते बांधावर येऊन उभे राहिले. बोलले काही नाहीत, पण मला प्रत्येक फांदी मोजावीशी वाटली. दोन तास शोधलं, मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या एका बाईंनी हाक मारली, "ओ मास्तर, तुमचं इमान आमच्या तासात हाये." नाकावर उभं होतं. कार्ब्युरेटरच्या तोंडात काळी माती ठासून भरलेली, उजवा पंख मुळाशी चिरलेला.

त्या पडलेल्या विमानात मला एकच गोष्ट खटकली. टाकी अर्धी भरलेली होती. नळी निसटली नव्हती, ग्लो प्लग चांगला होता. मग इंधन असून इंजिन कोरडं कसं पडलं?

घरी इंजिन धुऊन, माती काढून, नाकाचा भाग जाड सागवानी पाटावर बोल्टने कसला. टाकी दिसावी म्हणून बाजूचं झाकण काढलं. सुरू केलं, हळूहळू थ्रॉटल वाढवलं. अर्ध्याच्या थोडं वर गेल्यावर टाकीतलं इंधन पांढरं झालं. रवीने घुसळलेल्या ताकावर येतो तसा फेस, टाकीच्या छतापर्यंत. इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाचा वजनी गोळा टाकीच्या तळाशी होता, पण तळाशीही फेसच. इंजिन इंधनाऐवजी बुडबुडे ओढत होतं. आवाज टिपेला जाऊन बंद पडण्याचा सगळा उलगडा त्या पाटावर झाला.

फेस कशाने? थरथरीने. टू-स्ट्रोकच्या पिस्टनचं कामच असं आहे की तो वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. मिनिटाला १२,००० फेरे म्हणजे सेकंदाला २०० फेरे, म्हणजे पिस्टन सेकंदाला ४०० वेळा थांबून उलटा वळतो. क्रँकवर समोरच्या बाजूला वजन ठेवून हा झटका मारतात, पण ते वजन गोल फिरतं आणि पिस्टन सरळ रेषेत धावतो. वजन पूर्ण ठेवलं तर वर-खालीचा झटका जातो आणि तोच आडवा येतो. म्हणून बनवणारा साधारण अर्ध्यावर तडजोड करतो आणि उरलेला झटका विमानाच्या लाकडाला देतो. यात कारागिराची चूक काही नाही, एका सिलिंडरचा तो स्वभावच आहे. समोरासमोर दोन सिलिंडर असलेल्या इंजिनात हे झटके एकमेकांना बरेचसे मारतात, पण चाळीस साइजच्या नाकात ते वजन आणि ती किंमत दोन्ही बसत नाहीत.

मी उपाय केले नाहीत असं नाही. टाकीभोवती फोम गुंडाळला, पंखा तोलून घेतला, इंजिनाखाली रबरी बैठक दिली, बेअरर (इंजिन टेकतं ती लाकडं) सागवानाचे केले. प्रत्येक उपायाने थोडा फरक पडला. फेस कमी झाला, पण ठरावीक एका वेगाला परत यायचा. त्यातच दर रविवारी सायलेन्सरचे बोल्ट ढिले, मागच्या शेपटाच्या लिंकेजला खुळखुळ, आणि एकदा रिसीव्हरच्या स्विचची डाखलेली तारच तुटलेली सापडली. ती जमिनीवर सापडली म्हणून ठीक. हवेत सुटली असती तर विमान कुणाच्या अंगावर गेलं असतं, या विचाराने मी ते इंजिन महिनाभर हातात धरलं नाही.

रोटरी उघडून पाहिलं तेव्हा

जुनं वांकेल मला एका वयस्क मॉडेलकाराकडून मिळालं. त्यांची नजर अधू झाली होती, त्यांना उडवणं जमत नव्हतं. मी टू-स्ट्रोकच्या तिप्पट पैसे मोजले, आणि पहिल्याच रात्री ओट्यावर वर्तमानपत्र अंथरून ते उघडलं.

इथे नावाचा एक घोळ मिटवून टाकतो. विमानाच्या इतिहासात रोटरी म्हटलं की अनेकांना पहिल्या महायुद्धातली इंजिनं आठवतात. फ्रान्समधल्या सेगँ बंधूंचं सात सिलिंडरचं, ५० अश्वशक्तीचं नोम इंजिन त्यातलं पहिलं गाजलेलं. त्यात क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट बांधलेला असे आणि सगळे सिलिंडर पंख्यासकट त्याच्याभोवती गरगर फिरत. फिरता फिरता हवेनेच थंड होत, म्हणून पाणी नको, रेडिएटर नको, वजन हलकं. पण एवढं लोखंड नाकात फिरलं की भोवऱ्याचा जोर येतो, आणि सॉपविथ कॅमलसारखं विमान नवख्याच्या हातात अवघड होई. वंगणाला त्यात एरंडेल घालत, कारण ते पेट्रोलमध्ये सहजासहजी विरघळत नाही. जुन्या माणसांनी बंडीच्या आसाला जे लावलं तेच एरंडेल. आपल्या ग्लो इंधनातही ते आजपर्यंत टिकून आहे: मी चार भाग मिथेनॉलला एक भाग शुद्ध केलेलं एरंडेल घेतो. घाण्यावरचं वापरू नका, त्याचा चिकट थर बसतो. आणि मिथेनॉल विष आहे, पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

वांकेलचं इंजिन ही त्याहून अगदी वेगळी जात. फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवर जर्मनीच्या एनएसयू कंपनीत काम झालं आणि पहिला नमुना फेब्रुवारी १९५७ मध्ये चालला. त्यात बाहेरचं घरही फिरत असे. घर स्थिर ठेवून फक्त आतला भाग फिरवायची सोपी रचना त्याच कंपनीतल्या हान्स डीटर पाश्के यांनी केली, आणि आज आपण जे वापरतो ते त्याच घडणीचं आहे.

झाकण काढलं की आत दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखी पोकळी दिसते, मधे किंचित दबलेली. त्या पोकळीत तीन कोपऱ्यांचा, फुगीर बाजूंचा रोटर, भंडाऱ्याकडच्या तळ्यातल्या शिंगाड्यासारखा. प्रत्येक कोपऱ्यात नखाएवढ्या जाडीची धातूची पट्टी, मागून स्प्रिंगने बाहेर ढकललेली. ही पट्टी भिंतीला चिकटून सरकते आणि तीन खोल्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवते. व्हॉल्व्ह नाही, कनेक्टिंग रॉड नाही. रोटर पुढे सरकतो तशी एक खोली मोठी होऊन इंधन-हवा आत ओढते, मग तीच आकसते आणि दाब होतो, पेट घेतल्यावर पसरते, आणि शेवटी धूर बाहेर ढकलते. एकाच वेळी तिन्ही खोल्यांत वेगवेगळं काम चाललेलं असतं.

मी एका कोपऱ्याला खडूची खूण केली आणि शाफ्ट बोटाने फिरवला. एक फेरा, दोन फेरे, खूण अजून वाटेत. तिसऱ्या फेऱ्याला ती मूळ जागी आली. रोटरच्या आतल्या दातांचं आणि झाकणावर बसवलेल्या स्थिर गिअरच्या दातांचं प्रमाण ३:२ असतं, त्यातून हे जमतं. शाफ्ट १५,००० फेऱ्यांनी फिरत असेल तेव्हा आतला जड रोटर स्वतःभोवती ५,०००नेच फिरतो. आणि रोटरच्या एका फेऱ्यात तीन स्फोट, म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक, टू-स्ट्रोकसारखाच. फरक इतका की इथे रेटा शाफ्टच्या जवळजवळ पाऊण फेरा, २७० अंश, चालतो. पिस्टनला फार तर अर्धा फेरा मिळतो, आणि टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट उघडतं तिथे तोही तुटतो. म्हणून त्याचा मार ठोक्यासारखा लागतो आणि याचा ढकलल्यासारखा.

माझ्यासाठी खरी गोष्ट पुढची होती. रोटरमध्ये थांबून उलटं वळणारं काहीच नाही. रोटरचा मध्य शाफ्टभोवती छोटं वर्तुळ काढतो, आणि वर्तुळात फिरणाऱ्या वजनाला वर्तुळात फिरणाऱ्या वजनाने पूर्ण तोलता येतं. शाफ्टवर दोन बाजूंना वजनं लावली की काम झालं. तडजोड करायला उरतच नाही.

दुसऱ्या दिवशी तोच सागवानी पाट, तीच टाकी, तोच फोम. फक्त इंजिन बदललं. थ्रॉटल पूर्ण उघडलं. टाकीतलं इंधन स्वच्छ राहिलं. वरच्या कडेला बारीक लहरी होत्या, पावसाळ्यात टिनावर पाणी साचल्यावर दिसतात तशा, पण फेस नाही. पुतण्या वाकून पाहत होता. तो म्हणाला, "काका, हे चालू हाय का?" कारण पाटावर हात ठेवला तर आवाजाच्या मानाने हाताला फारसं काही लागत नव्हतं.

त्यानंतरच्या चार वर्षांत माझं इंजिन इंधन असताना हवेत बंद पडलं ते एकदाच, आणि त्या वेळी इंधन कमी-जास्त करणारी नीडल मीच जास्त आवळली होती. बोल्ट मी आता हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्ये एकदा तपासतो. तारा डाखण्याची वेळ आली नाही. याला मोजमाप म्हणता येणार नाही हे मला कळतं, पण तुरीत किती वेळा शिरावं लागलं हा माझ्यापुरता पक्का आकडा आहे.

रोटरीचा त्रास

त्रास नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पहिला त्रास उष्णतेचा. पिस्टनच्या सिलिंडरमध्ये थंड इंधन-हवा आणि तापलेला धूर आळीपाळीने एकाच भिंतीला लागतात. रोटरीत शेंगेची एक बाजू कायम थंड, दुसरी कायम भट्टी. जळण्याची खोली लांबट आणि पसरट, म्हणून उष्णता भिंतीत जास्त जाते आणि इंधन पूर्ण जळायच्या आत बाहेर निघतं. एक्झॉस्ट पिस्टनपेक्षा जास्त तापतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या दिवसांत मी सकाळी सातनंतर रोटरी काढत नाही. उतरवल्यावर लगेच परत सुरू करायला गेलं तर हट्ट करतं. दहा-पंधरा मिनिटं सावलीत ठेवावं लागतं. टू-स्ट्रोक गरम असतानाही एका झटक्यात सुरू व्हायचं.

दुसरं, सुरू करणं. हळू फेऱ्यांवर पट्ट्या नीट धरत नाहीत, दाब निसटतो. टू-स्ट्रोकचा पंखा काठीने फिरवून सुरू करता येतो. रोटरीला मला इलेक्ट्रिक स्टार्टर आणि बॅटरी न्यावीच लागते. आखरापर्यंत सायकलवर हे सगळं नेणं थोडं जिकिरीचं आहे.

इंधनही जास्त लागतं. ज्या टाकीत टू-स्ट्रोक मला बारा मिनिटं द्यायचं त्यात रोटरी नऊ-साडेनऊ देतं. मंद चालीवर ते थोडं अडखळतं, म्हणून उतरताना थ्रॉटल अगदी तळाला नेऊ नका. आवाज चिरका आहे. रोटरीला वेग हवा, म्हणून पंखा लहान आणि कमी पिचचा लागतो. मोठा, रुंद पंखा लावून संथ उडवायची आवड असेल तर हे इंजिन तुम्हाला रुचणार नाही. तिथे फोर-स्ट्रोक बरं: मोठा पंखा हळू फिरवतं, आवाज गोड, इंधन कमी. पण थरथर एका सिलिंडरचीच, आणि व्हॉल्व्हची फट जुळवावी लागते. माझ्या विमानात ते बसलं असतं, पण माझी अडचण त्याने सुटली नसती.

सुट्या भागांचं तर विचारूच नका. टू-स्ट्रोकचे रिंग, बेअरिंग, गॅस्केट पुण्या-मुंबईहून कुरिअरने येतात. रोटरीच्या पट्ट्या मिळवायला मला आठ महिने वाट पाहावी लागली. पट्टी हेच या इंजिनाचं नाजूक अंग, आणि हे पूर्वीपासून तसंच आहे. हिरोशिमाच्या माझदा कंपनीने १९६० च्या दशकात हे इंजिन मोटारीत आणायचं ठरवलं तेव्हा पट्ट्या थरथरून घराच्या भिंतीवर ओरखडे पडायचे. तिथले इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. पट्टीचं साहित्य बदलून त्यांनी तो प्रश्न सोडवला, १९६७ मध्ये कॉस्मो गाडी आणली, आणि १९९१ मध्ये ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत चार रोटरच्या गाडीने पहिला नंबर काढला. पट्टी चांगली असली तर रोटरी टिकतं, एवढं त्यावरून म्हणता येईल.

मोठ्या विमानात काय झालं

मॉडेलचा अनुभव मोठ्या विमानाला जसाच्या तसा लावू नये, पण कल तोच दिसतो. अमेरिकेतल्या कर्टिस-राइट कंपनीने १९५८ मध्येच वांकेलचा परवाना घेतला. त्यांचं रोटरी बसवून लॉकहीडचं क्यू-स्टार हे शांत आवाजाचं प्रायोगिक विमान १९६० च्या दशकाच्या शेवटी उडालं. जर्मनीच्या श्लायशर कंपनीच्या एएसएच २६ ई या ग्लायडरमध्ये रोटरी इंजिन धडाच्या आत राहतं आणि बेल्टच्या पट्ट्याने वरचा घडीचा पंखा फिरवतं. एवढ्या निमुळत्या धडात पिस्टन इंजिन बसवणं किती अवघड गेलं असतं, ते चित्र पाहूनच लक्षात येतं. अमेरिकी सैन्याच्या शॅडो या बिनवैमानिक विमानात ३८ अश्वशक्तीचं रोटरी होतं. कॅमेरा घेऊन तासन्‌तास घिरट्या घालणाऱ्या विमानाला थरथर किती नको असेल, हे तुरीत विमान शोधलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडे निशांत या डीआरडीओच्या बिनवैमानिक विमानात सुरुवातीला ब्रिटिश रोटरी होतं. त्याच्या जागी ५५ अश्वशक्तीचं देशी वांकेल बनवलं गेलं. मूळ इंजिनाची रचना आणि घराच्या भिंतीवरचं निकेल-सिलिकॉन कार्बाइडचं अस्तर बंगळूरच्या एनएएल या विमान-संशोधन प्रयोगशाळेने केलं, इंधन आणि इग्निशनची यंत्रणा आपल्या अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) व्हीआरडीई या वाहन-संशोधन संस्थेने. एप्रिल २००९ मध्ये कोलारला ते पहिल्यांदा उडालं. माझ्या वर्गात मी हे दरवर्षी सांगतो, कारण पोरांना वाटतं असली कामं फक्त परदेशात होतात. नगरला आपल्यासारख्याच टर्नर-फिटरच्या हाताखालून ते भाग गेले असणार.

विमानवाल्यांना यात तीन गोष्टी आवडतात: वजनाच्या मानाने ताकद, थरथर नसणं, आणि बिघडण्याची पद्धत. पिस्टन अडकला किंवा रॉड तुटला तर पंखा जागच्या जागी थांबतो. रोटरीत पट्टी झिजली तर जोर उतरतो, पण इंजिन सहसा फिरत राहतं, आणि उतरायला जागा शोधायला वेळ मिळतो. तरीही लहान प्रवासी विमानांत पिस्टनच राहिलं. लायकमिंगसारखं इंजिन २,७०० फेऱ्यांवर थेट पंखा फिरवतं. रोटरीला पंख्याआधी गिअरबॉक्स लागतो, इंधन जास्त लागतं, रेडिएटर मोठा लागतो. आणि ज्या इंजिनाची नस प्रत्येक विमानतळावरच्या मेकॅनिकला माहीत आहे, ते सोडायला कुणी सहज तयार होत नाही. कर्टिस-राइटने १९८४ मध्ये हा विभाग जॉन डिअरला विकून टाकला.

मग घ्यावं कोणतं?

पहिलंच इंजिन असेल, जवळ शिकवणारं कुणी नसेल, आणि उडवायची जागा मोकळी असेल, तर टू-स्ट्रोकच घ्यावं असं मी म्हणेन. पडेल, धडपडेल, भाग मिळतील, पुन्हा उभं राहील. दोन-तीन वर्षं हात बसल्यावर, आणि उभ्या पिकाच्या मधून उडवायचं असेल, तर रोटरीचा विचार जरूर करा. माझ्याकडे टू-स्ट्रोक अजून आहे, तेल लावून पेटीत ठेवलं आहे. शेवटचं कधी काढलं ते आठवत नाही.

कोणतंही घेतलं तरी उडवून झाल्यावर टाकी रिकामी करा, उरलेलं इंधन जाळून टाका आणि आत दोन थेंब तेल सोडा. मिथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि बेअरिंगला गंज चढतो. पावसाळ्यात तीन महिने ठेवलेलं माझं रोटरी एकदा एरंडेलाने असं धरलं होतं की पंखा हलेना. जोर लावला असता तर पट्टी गेली असती. थोडं मिथेनॉल सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी मोकळं झालं.

नवं रोटरी सहसा हाती लागत नाही, बहुतेकांना जुनंच घ्यावं लागतं. घेताना एक तपासणी करा. ग्लो प्लग आवळलेला असू द्या आणि पंखा हाताने, सावकाश, सारख्या गतीने फिरवा. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक दाब लागेल, आणि लागोपाठचे तीन दाब तीन वेगवेगळ्या खोल्यांचे असतील. तिन्ही सारखे लागले पाहिजेत. तिनांतला एकच पोकळ लागला तर त्या खोलीच्या बाजूची सील, म्हणजे रोटरच्या सपाट अंगावरची गळती रोखणारी पट्टी, संशयात धरा. लागोपाठ दोन पोकळ आणि एक भरीव लागला तर कोपऱ्यातली पट्टी गेलेली आहे, कारण एक पट्टी दोन खोल्यांची सामाईक भिंत असते. विकणाऱ्याने नुकतंच आत तेल सोडलं असेल तर सगळेच दाब चांगले लागतात. म्हणून आधी दोन मिनिटं चालवायला सांगा, थंड होऊ द्या, आणि मग पंख्याला हात लावा.